सायकल आणि बायकांचा मताधिकार: टी-शर्टवरच्या ओळीपलीकडे काही आहे का?

मुठेकाठची
आम्हा अकराजणींचा सायकल गट आहे. रविवारी पहाटे निघतो, सिंहगडाच्या पायथ्याला टेकतो, येताना पोहे खाऊन जाळलेल्या सगळ्या कॅलरी परत मिळवतो. यंदा 8 मार्चच्या फेरीसाठी टी-शर्ट काढायचं ठरलंय. पाठीवर अमेरिकेतल्या सुझन अँथनीचं ते प्रसिद्ध वाक्य टाकू असं एकीने सुचवलं, म्हणजे बायकांना मोकळं करायला सायकलने जगातल्या दुसऱ्या कशाहीपेक्षा जास्त केलं, या अर्थाचं. सगळ्यांना आवडलं.

घरी सासऱ्यांना दाखवलं. ते शाळेत इतिहास शिकवायचे. वाचून म्हणाले, "वाक्य झकास आहे. पण ही अँथनीबाई मताधिकारवाली ना? मग सायकलवरून मतपेटीपर्यंत बाई पोचली कुठल्या रस्त्याने, ते सांग. मोकळं वाटणं वेगळं आणि कायदा बदलणं वेगळं."

मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही सांगा. स्वातंत्र्याचं प्रतीक वगैरे मला माहीत आहे, ते नको. त्या चळवळीत सायकलने प्रत्यक्ष काम काय केलं?

गिअरलेस
सासरे भारी आहेत. गटात घ्या.

बखरबहाद्दर
आधी वाक्याची कुंडली. 2 फेब्रुवारी 1896 च्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये नेली ब्लायने घेतलेल्या मुलाखतीत ते आहे. ही नेली म्हणजे 72 दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेली वार्ताहर. अँथनीबाई तेव्हा 75 च्या, दोन आठवड्यांनी 76 पूर्ण होणार होती. गप्पा लांबलचक होत्या आणि सायकलचा विषय त्यात ओघात आला. बाई सायकलवरून जाताना दिसली की मी उभी राहून आनंदाने बघते, असं त्या म्हणाल्या. म्हणजे ही रस्त्याच्या कडेला उभं राहून दिलेली दाद आहे. 'सायकलमुळे मत मिळेल' असं त्या कुठेही म्हणालेल्या नाहीत. त्यांना स्वतःला ते मत मिळालंच नाही. 1906 मध्ये गेल्या, अमेरिकेत घटनादुरुस्ती झाली 1920 मध्ये.

खडूस_काका
सासरेबुवांना माझा पाठिंबा. तारखा लावून बघा.

दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी स्टार्लीची 'रोव्हर' 1885 ची. डनलॉपचा हवेचा टायर 1888 चा. सायकलचं वेड शिगेला पोचलं 1895 ते 97 मध्ये. आता मतं बघा. न्यूझीलंडने बायकांना मत दिलं 1893 मध्ये, वेड चढायच्या आधी. ब्रिटनने 1918 मध्ये दिलं, तेही 30 वर्षांवरच्या आणि घरादाराची अट पुरी करणाऱ्या बायकांना. पुरुषांच्या बरोबरीने मिळायला 1928 उजाडलं. फ्रान्सने टूर द फ्रान्स 1903 मध्ये सुरू केली आणि बायकांना मत दिलं 1944 मध्ये. स्वित्झर्लंडचं तर विचारूच नका, 1971. तिथे काय सायकली नव्हत्या?

चढावर दम लागत असेल, एवढंच म्हणतो.

गिअरलेस
काका, स्वित्झर्लंडचा चढ खरंच मोठा आहे हो.

लेस्टरवासी
काका, तारखा बरोबर आहेत, पण प्रश्न 'कारण' विचारत नाहीये, 'काम' विचारतोय. कामाचं उदाहरण माझ्या गावात ब्राँझमध्ये उभं आहे.

इंग्लंडातल्या लेस्टरच्या बाजारपेठेत 2018 मध्ये अ‍ॅलिस हॉकिन्सचा पुतळा बसला. ही बाई बुटांच्या कारखान्यातली मशीनवाली, चार बुकं शिकलेली कुणी मडमीण नव्हे. कारखाना कामगारांच्याच सहकारी मालकीचा होता, नाव 'इक्विटी'. 1907 मध्ये लंडनला संसदेवरच्या मोर्चात तिला अटक झाली. पुढे एकूण पाच वेळा तुरुंगात गेली. त्याच वर्षी तिने लेस्टरला, ब्रिटनमधल्या आक्रमक मताधिकारवाल्या पँकहर्स्टबाईंच्या संघटनेची शाखा उभी केली.

तर सायकल. अ‍ॅलिस सायकलवाली होती. घोळदार विजार घालून गावातून फिरली म्हणून लोकांनी नाकं मुरडली, हे सगळे सांगतात. मला त्यापेक्षा पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. आठवडाभर कारखाना, रविवारी सुट्टी. त्या सुट्टीत या बायका सायकली काढून आसपासच्या गावांत जायच्या आणि चौकात उभं राहून भाषणं करायच्या. लेस्टरच्या भोवती लहान लहान गावं आहेत, पाच-दहा मैलांवर. मी स्वतः त्या रस्त्यांवर चालवते. आगगाडी प्रत्येक गावात जात नाही, घोडागाडी भाड्याने घ्यायची तर पैसे, पायी गेलं तर एका गावात दिवस संपतो. सायकलवर तीन गावं होतात आणि रात्री घरी येऊन सोमवारी भोंग्याला हजर राहता येतं. नोकरी न सोडता कार्यकर्ती होता येणं, हे मुठेकाठची, तुमच्या सासऱ्यांना सांगा.

आणि ही पद्धत त्यांनी शोधलेली नाही. 'क्लॅरिअन' नावाचं समाजवादी साप्ताहिक होतं. त्याच्या वाचकांनी 1894 मध्ये बर्मिंगहॅमला सायकल क्लब काढला. गावोगाव पत्रकं वाटायची, भिंतींवर चिकटवायची, मैदानावर सभा घ्यायची आणि मग चहा प्यायचा. बायकांना पहिल्यापासून प्रवेश. अ‍ॅलिसही त्यात होती आणि मँचेस्टरला ख्रिस्ताबेल आणि सिल्व्हिया या पँकहर्स्टबाईंच्या मुलीही होत्या. मताधिकाराची पत्रकं वाटायची वेळ आली तेव्हा सराव आधीच झालेला होता.

पायडलमारी
वाचतेय. लेस्टरवासी, उत्तम प्रतिसाद. तिच्या नवऱ्याबद्दलही लिहा ना थोडं.

लेस्टरवासी
आल्फ्रेड. तोही तिच्याबरोबर. सभांमध्ये बायकांना आत सोडत नसत, म्हणून पुरुष समर्थक आत जाऊन मंत्र्याला प्रश्न विचारायचे. 1910 मध्ये ब्रॅडफर्डला चर्चिलच्या सभेत आल्फ्रेडने विचारला. त्याला जिन्यावरून असं फेकलं की पाय मोडला. त्याने दावा लावला आणि 100 पौंड भरपाई मिळवली. यात सायकल नाही, पण विचारलंत म्हणून.

नऊवारी_नानी
अवांतर आहे, पण लिहिते. मी 1966 मध्ये वाईला सायकल शिकले. भावाची जेन्ट्स सायकल. दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत. परकर पोलका. घाटावरून गणपतीच्या देवळापर्यंत जायचं आणि मागे चार कार्टी 'पडली, पडली' ओरडत धावायची. लग्नानंतर नवऱ्याने लेडीज सायकल घेऊन दिली, पण पाचवारीचा पदर आणि निऱ्या सांभाळायच्या की हँडल, हाच प्रश्न. एकदा निऱ्या चेनमध्ये अशा गेल्या की पंक्चरवाल्याने कात्रीच काढली. चांगली इरकल होती हो. त्या दिवशी मीच त्याच्याकडून जुनी चेनकव्हरची पेटी मागून बसवून घेतली.

त्या गोऱ्या बायकांच्या घेरदार झग्यांचं काय होत असेल?

पायडलमारी
नानी, तुमच्या इरकलीबद्दल मनापासून हळहळले.

त्यांचंही तेच व्हायचं. म्हणून लेडीज सायकलची दांडी खाली वाकवली, चेनवर पेटी आली आणि मागच्या चाकाला मडगार्डपासून आसापर्यंत दोऱ्यांची जाळी विणलेली असायची. तरी झगा वाऱ्याने फुगायचाच. मग घोळदार विजार. त्यावरून 1898 मध्ये मोठं प्रकरण झालं. लेडी हार्बर्टन नावाची उमरावीण, 'शहाणा पोशाख' चळवळीतली. सरे परगण्यातल्या ऑखॅम गावी सायकलवरून गेली आणि हॉटेलात जेवण मागितलं. मालकिणीने विजार बघून कॉफीच्या दालनात बसू दिलं नाही, पुरुष जिथे विड्या ओढत बसतात त्या खोलीत बसा म्हणाली. सायकलवाल्यांच्या संघटनेने खटला भरला आणि 1899 मध्ये तो हरला. दुसऱ्या खोलीत का होईना, वाढायला तयार होती ना, मग झालं, असा एकंदर निकाल.

खडूस_काका
विजार घालणारी उमरावीण, म्हणजे माझा दुसरा मुद्दा आलाच. 1890 च्या दशकात चांगली सायकल घ्यायला कामगाराचे काही महिन्यांचे पगार लागत. हा पैसेवाल्यांचा शौक. लेस्टरची बाई अपवाद असेल.

लेस्टरवासी
सुरुवातीला शौक होता, मान्य. पण वेड ओसरलं की किमती पडल्या आणि जुन्या सायकलींचा बाजार उभा राहिला. त्याआधीही लोक जुगाड करतच होते. सिल्व्हिया पँकहर्स्टने पुढे लिहून ठेवलंय, ख्रिस्ताबेलला वडिलांनी महागडी रज-व्हिटवर्थ घेऊन दिली, आणि सिल्व्हियासाठी क्लॅरिअनमधल्या एका सोबत्याने गॅसच्या नळ्या जोडून सायकल बनवली. ताई पुढे वाऱ्यासारखी जायची आणि ही मागे त्या नळकांड्यावर धापा टाकत, चढ आला की उतरून ढकलत. दोघी बहिणींचं पुढे राजकारणात फाटलं, त्याची पाळंमुळं मला त्या चढावरच दिसतात. (दिवे घ्या.)

गिअरलेस
धाकट्या भावंडांचा जाहीर निषेध नोंदवतो. मलाही दादाचीच जुनी मिळाली होती, ब्रेकशिवाय.

दक्षिणद्वीप
ख्राइस्टचर्चहून. काका, 1893 चा दाखला दिलात म्हणून. इथे 1892 मध्ये 'अटलांटा' नावाचा बायकांचा सायकल क्लब निघाला, न्यूझीलंडातला पहिला. त्याच्या सुरुवातीच्या सदस्यांत केट शेपर्ड होत्या. त्याच केट, ज्यांनी इथली मताधिकाराची मोहीम चालवली आणि ज्या आज आमच्या 10 डॉलरच्या नोटेवर आहेत. म्हणजे वेडाच्या आधी इथे सायकल होती, फक्त मोजक्यांकडे.

पण इथलं एक चित्र मात्र मी पुसणार आहे. केटबाई सायकलवरून दारोदार फिरून सह्या गोळा करताहेत, असं फॉरवर्डमध्ये येतं. 1893 च्या अर्जांवर मिळून सुमारे 32 हजार सह्या होत्या, म्हणजे तेव्हाच्या प्रौढ गोऱ्या स्त्रियांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा. एवढ्या सह्या एका सायकलवर होत नाहीत. दारूबंदीवाल्या ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटनेच्या शाखा देशभर होत्या. गावोगावच्या बायका घरोघर हिंडल्या आणि कागद पोस्टाने केटबाईंकडे आले. त्यांनी ते एकाखाली एक खळीने चिकटवले आणि दांड्याभोवती गुंडाळले. 270 मीटरची ती गुंडाळी जॉन हॉल नावाच्या खासदाराने सभागृहात अशी सोडली की ती उलगडत पार पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली. वरच्या सभागृहात कायदा 20 विरुद्ध 18 ने पास झाला. दोन मतं! गुंडाळी आता वेलिंग्टनला राष्ट्रीय ग्रंथालयात बघायला मिळते. मी बघून आले. कागदांचे जोड स्पष्ट दिसतात.

तर इथे श्रेय पोस्टाला आणि खळीला.

खडूस_काका
दक्षिणद्वीप, तुम्ही माझ्या बाजूच्या की त्यांच्या?

दक्षिणद्वीप
खळीच्या.

बखरबहाद्दर
काकांसाठी एक वेगळा पुरावा. सायकल आणि बायकांचे हक्क यांचा संबंध आज आपण जोडतोय असं वाटत असेल तर केंब्रिज बघा. 21 मे 1897. बायकांना पूर्ण पदवी द्यायची का, यावर विद्यापीठात मतदान. विद्यार्थ्यांची तुफान गर्दी. त्यांनी सिनेट हाऊससमोरच्या पुस्तकाच्या दुकानावर काय टांगलं? सायकलवर बसलेल्या बाईचं बुजगावणं, घोळदार विजारीसकट. पुस्तक वाचणारी बाई नाही, पदवीची टोपी घातलेली बाई नाही. सायकलवाली. ठराव पडला, विरोधात सतराशेहून जास्त मतं, बाजूने साडेसहाशेच्या आसपास. मग पोरांनी ते बुजगावणं उतरवून फाडलं आणि न्यूनम या बायकांच्या कॉलेजच्या फाटकात नेऊन कोंबलं. पदव्या मिळाल्या 1948 मध्ये.

मताधिकाराशी थेट संबंध नाही, पण ज्यांना काहीच द्यायचं नव्हतं त्यांना सायकल नेमकी कळली होती.

नऊवारी_नानी
बाई गं. वाईची कार्टी बरी म्हणायची.

झणझणीत
सगळे भाषणं आणि पत्रकंच सांगताय. बाँब विसरलात? 8 जुलै 1914 च्या रात्री स्कॉटलंडमध्ये ॲलोवे गावी कवी रॉबर्ट बर्न्सचं जन्मघर उडवायला दोघी सायकलवरून आल्या. पहारेकऱ्याने हटकलं. एक पसार, एक सापडली. सापडलेलीने खोटं नाव सांगितलं. निघाली फॅनी पार्कर, लॉर्ड किचनरची सख्खी भाची! तोच किचनर, 1902 ते 1909 आपल्याकडे सरसेनापती होता. मोटारीचा नंबर तरी लक्षात राहतो. अंधारात सायकल कोणाची कोण सांगणार?

पायडलमारी
झणझणीत, तुम्हाला एवढा आनंद का होतोय? त्या काळातही बहुतेक मताधिकारवाल्या बायकांना हे मान्य नव्हतं. मिलिसेंट फॉसेटच्या सनदशीर संघटनेची सदस्यसंख्या कितीतरी मोठी होती. त्यांनीच 1913 च्या उन्हाळ्यात पदयात्रा काढली. 18 जूनला देशाच्या टोकांपासून निघाल्या, कार्लाइल, न्यूकॅसल, लँड्स एंड अशा ठिकाणांहून, आणि 26 जुलैला लंडनच्या हाइड पार्कात सुमारे 50 हजारांची सभा. बहुतेक पायी, काही घोड्यावर, काही सायकलवर. वाटेत दगड आणि सडकी अंडी खाल्ली, कारण लोक त्यांनाही जाळपोळवाल्याच समजायचे. तुमच्या बाँबवालींचं बिल यांनी भरलं.

झणझणीत
आनंद नाही हो, फक्त सायकलचा पूर्ण हिशोब. प्रेस्टनची एडिथ रिग्बी घ्या. गावात सायकल चालवणारी पहिली बाई म्हणून लोकांनी तिच्यावर अंडी आणि भाज्या फेकल्या. 1913 मध्ये तिने लीव्हर साबणवाल्याचा रिव्हिंग्टनचा बंगला जाळल्याची कबुली दिली. त्याच साबणाने अंड्याचे डाग धुतले असतील का, हा माझा संशोधनाचा विषय.

व्यवस्थापक
साबण पुरे. मूळ विषयावर या.

तीनचाकी
टी-शर्टसाठी उपयोगी: पँकहर्स्टबाईंच्या संघटनेचे रंग 1908 पासून जांभळा, पांढरा, हिरवा. प्रतिष्ठा, पावित्र्य, आशा. 1909 मध्ये एल्सविक कंपनीने याच रंगांत लेडीज सायकल विकायला काढली, वर सिल्व्हियाने काढलेलं चिन्ह. जाहिरात संघटनेच्याच साप्ताहिकात. म्हणजे ज्या मुलीने गॅसच्या नळीवर धापा टाकल्या, तिचं चित्र बारा वर्षांनी कारखान्यातल्या सायकलवर. आणि अशी सायकल नुसती चौकात उभी केली तरी लोक जमणार, तेच काम.

अरबी_समुद्र
मराठी मुलखाशी दुवा आहे का, असं कोणी विचारायच्या आत सांगतो. आहे, पण तो सायकलवरून उतरून पायी चालतो.

महाराजा दुलीपसिंगांची मुलगी सोफिया, राणी व्हिक्टोरियाची मानसकन्या. 1890 च्या दशकात सायकलची इतकी शौकीन की मासिकांत तिचे सायकलसह फोटो यायचे. पुढे पँकहर्स्टबाईंबरोबर नोव्हेंबर 1910 च्या संसदेवरच्या मोर्चात होती. मत नाही तर कर नाही म्हणाली, तेव्हा सरकारने तिची हिऱ्याची अंगठी जप्त केली. 1913 मध्ये हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या दारात उभी राहून संघटनेचं साप्ताहिक विकत होती. 1911 मध्ये काश्मिरात सुट्टीवर असलेल्या मुंबईच्या हेराबाई टाटांनी तिच्या अंगावर मताधिकाराचा बिल्ला पाहिला, हे काय म्हणून विचारलं, आणि त्यात पडल्या त्या पडल्याच. 1919 मध्ये हेराबाई आणि त्यांची मुलगी मिठन लंडनला जाऊन संसदेच्या समितीपुढे साक्ष देऊन आल्या. लंडनने निर्णय प्रांतांवर ढकलला. मग मुंबईत रमाबाई रानड्यांसारख्या बायकांनी सभा घेतल्या आणि 1921 मध्ये मुंबईच्या विधिमंडळाने बायकांना मत दिलं, अर्थात मालमत्तेच्या अटीसह. मिठन पुढे बॅरिस्टर झाल्या.

हेराबाई सायकल चालवायच्या असं मी म्हणत नाहीये. नाहीतर उद्या फॉरवर्ड येईल.

बखरबहाद्दर
अजून एक मराठी धागा. दक्षिणद्वीप म्हणाल्या त्या दारूबंदीवाल्या संघटनेच्या अमेरिकेतल्या अध्यक्षा फ्रान्सिस विलर्ड. पंडिता रमाबाई 1886 ते 88 अमेरिकेत होत्या तेव्हा दोघींची मैत्री झाली. संघटनेने रमाबाईंना 1887 मध्ये भारतासाठी व्याख्याती नेमलं. दारूड्या नवऱ्यापासून घर वाचवायला बायकांच्या हाती मत हवं, ही विलर्डबाईंची मांडणी. याच बाई 53 व्या वर्षी सायकल शिकल्या. सायकलचं नाव ठेवलं ग्लॅडिस. रोज दहा-पंधरा मिनिटं, असे तीन महिने लागले, आणि 1895 मध्ये त्यावर छोटं पुस्तक लिहिलं.

नऊवारी_नानी
तीन महिने? मी आठ दिवसांत शिकले. पण त्रेपन्नाव्या वर्षी नाही, हे खरं.

खडूस_काका
ठीक आहे. मत सायकलने मिळालं नाही, यावर मी ठाम. पण नोकरी न सोडता रविवारी तीन गावं, हा हिशोब मला पटला. मीही युनियनचं काम हर्क्युलिसवरूनच केलं, चाळीत पत्रकं टाकत. त्या वेळी कोणी विचारलं असतं सायकलने काय केलं, तर म्हटलं असतं चप्पल वाचवली.

मुठेकाठची
पाच दिवसांनी येतेय, माफ करा, घरी पाहुणे होते. सगळे प्रतिसाद सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवले. बुजगावण्यापाशी त्यांनी दोनदा वाचायला लावलं. शेवटी म्हणाले, लेस्टरवाल्या बाईंचं उत्तर चालेल, आणि न्यूझीलंडच्या बाईंना दहापैकी दहा.

टी-शर्टवरून मात्र अँथनीबाई उतरल्या. बुजगावण्याचं चित्र घ्यावं असा माझा आग्रह होता, पण टांगलेली बाई पाठीवर घेऊन चढ चढायला कोणी तयार होईना. मतदान घेतलं. सात विरुद्ध चारने ठरलं: जांभळ्यावर पांढऱ्या रेघांत गॅसच्या नळ्यांची सायकल, खाली अक्षर नाही. कोणी विचारलं तर सिग्नल सुटेपर्यंत जेवढं सांगता येईल तेवढं सांगायचं.

गिअरलेस
पुण्याचा सिग्नल आहे, सिल्व्हियाचं पूर्ण चरित्र होईल.

नऊवारी_नानी
मला एक ठेव गं. मोठ्या मापाचा. साडीवरून घालायचाय.